बाकीचं जीवशास्त्र

प्रिय बाबा,

डॉक्टरांनी तुम्हाला अजून वाचायला मनाई केली आहे, असं आईनं फोनवर सांगितलं. म्हणजे हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवणार. म्हणून आधी थोडं तिच्यासाठी. आई, यातलं काही गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे. बाबांचं बोलणं माझ्यापर्यंत आणि माझं बाबांपर्यंत तू आयुष्यभर गाळूनच पोचवलंस, आणि त्यामुळेच हे घर टिकलं असं तुला मनापासून वाटतं. असेलही तसं. पण या खेपेला जसं लिहिलंय तसं वाच. त्यांनी हात वर केला तरी थांबू नकोस.

बाबा, आपण समोरासमोर भांडलो त्याला आता इतकी वर्षं लोटली की मला त्या भांडणाचीच आठवण यायला लागली आहे. त्यानंतर आपलं बोलणं म्हणजे मी फोन करायचा, तुम्ही उचलायचा आणि 'थांब, आईला देतो' म्हणायचं. तुमच्या डोळ्याचं जे झालं त्याचं मला वाईट वाटलं. हे वाक्य मी लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. वाईट वाटलं त्याच्याबरोबर आणखी बरंच काही वाटलं, आणि ते सांगायचं तर मागे जावं लागेल. तुम्हाला मागचं उगाळलेलं आवडत नाही, माहीत आहे. सध्या पडून राहण्यावाचून तुम्हाला दुसरं काम नाही, तेव्हा ऐका.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. गावातले सगळ्यात मोठे सर्जन येणार म्हणून शिपायानं पायऱ्यासुद्धा धुतल्या होत्या. तुम्ही टेबलांवरून फिरलात. कुणी बेडकाच्या अंड्यांची बरणी मांडली होती, कुणी पानांच्या शिरा चिकटवल्या होत्या, माझ्या वर्गातल्या एका मुलीनं दोन काचांमध्ये माती भरून त्यात मुंग्या पाळल्या होत्या आणि त्यांच्या वाटा दिसत होत्या. मग व्यासपीठावर जाऊन तुम्ही म्हणालात, 'मुलांनो, जीवशास्त्र म्हणजे एक जिना आहे. बेडूक, पानं, मुंग्या या खालच्या पायऱ्या. वर पोचतो तो डॉक्टर होतो. बाकीचं जीवशास्त्र म्हणजे मधे दम लागून बसलेली माणसं.' सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मुंग्यांवाली माझ्या शेजारीच उभी होती. तीही हसली, आणि मग तिनं हळूच आपल्या काचांवर रुमाल टाकला.

'बाकीचं जीवशास्त्र' हा शब्द त्या दिवसापासून आपल्या घरात रुळला. दादा बाकीचा, मी बाकीची, आणि खरं पाहिलं तर आईसुद्धा.

आमच्या जीवशास्त्राच्या बाई तुम्हाला आठवायचं कारण नाही. किडकिडीत होत्या, बोलताना त्यांचा घसा बसलेला वाटायचा. एकदा त्या वर्तमानपत्रात गुंडाळून मेलेला कावळा घेऊन वर्गात आल्या. फाटकाशी पडला होता म्हणे. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, 'मला उत्तरं नकोत. याच्याबद्दल नुसते प्रश्न विचारा.' मग एकानं विचारलं, हा मेला कशानं. मग एकदम झुंबड उडाली. पिसांत उवा असतात का? हा काळाच का? अंड्यात असताना याला चोच आधी आली की पाय? बाकीच्या कावळ्यांना कळलंय का हा मेला म्हणून? याचा आवडता खांब कुठला हे याला कसं आठवायचं? पुरला तर मातीत याला कोण खाईल? याचे पूर्वज दातवाले होते का? बाई प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायच्या आणि सांगायच्या, 'हे विचारणाऱ्यांची एक शाखा आहे. याचीही आहे. याच्या तर दोन आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.' मी विचारलं, हा असाच ठेवला तर याच्यावर काय उगवेल? पोरं 'शी' करून हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'ते बघत बसणारी माणसंही असतात. एका कावळ्यावर पन्नास जणांचे जन्म निघतील, आणि तरी तो पुरता कळायचा नाही.'

मी ते जेवताना तुम्हाला सांगितलं. इतक्या उड्या मारत सांगत होते की आईला पाण्याचा पेला बाजूला सरकवावा लागला. तुम्ही शांतपणे घास संपवलात आणि म्हणालात, 'मेलेल्या कावळ्याला काय झालंय हे विचारत बसणारे खूप असतात. जिवंत माणसाला काय झालंय हे विचारायला अक्कल लागते.' दादा तेव्हा ताटाकडे बघत होता. त्याच्या लक्षात आलं होतं की हे मला नाही, त्याला बोललं जातंय.

दादाला पक्ष्यांचं वेड होतं हे तुम्ही 'होतं' असंच म्हणता, जणू तो ताप होता आणि उतरला. तो नुसत्या आवाजावरून पक्षी सांगायचा. पीस उचलून वासही घ्यायचा. तुम्ही त्याला वैद्यकीयला घातलंत. त्याला गुण कमी पडले तर तुम्ही तुमचं वजन वापरलंत, आणि तो आत गेला तो माणूस म्हणून नव्हे, तुमचा मुलगा म्हणून. पहिल्या वर्षी तो शवविच्छेदनाच्या खोलीतून बाहेर येऊन ओकायचा. दुसऱ्या वर्षी त्याचं ओकणं थांबलं आणि जेवणही थांबलं. तुम्ही म्हणालात, सवय होईल. तो परीक्षेला बसलाच नाही, हे तुम्हाला तुमच्या सहकाऱ्याकडून कळलं तेव्हा तुम्ही त्याच्या खोलीत गेलात आणि त्याची दुर्बीण घेऊन बाहेर आलात. ती दुर्बीण कुठे गेली हे आम्हाला आजवर ठाऊक नाही. दादा त्याच आठवड्यात घरातून गेला.

तुम्ही पाहुण्यांना सांगता की तो विमानतळावर पक्षी हाकलतो. बरोबर आहे, हाकलतो. इंजिनात अडकलेल्या पिसाच्या चिंधीवरून तो कोणता पक्षी होता ते ओळखतो. धावपट्टीच्या कडेचं गवत किती वाढू द्यायचं म्हणजे कोणता थवा उतरणार नाही, हे तो ठरवतो. तुम्ही परिषदांना ज्या विमानांनी जायचात, ती अशाच कुणा 'बाकीच्या'च्या भरवशावर उडत होती. तुम्ही खिडकीशी बसून पेपर वाचत होता.

आई, आता तुझं येतंय. आवाज खाली आणू नकोस.

आईनं वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती, पहिल्या वर्गात. तिची खोडाच्या आडव्या कापांची चित्रं तिच्या महाविद्यालयात भिंतीवर लावली होती. लग्नानंतर तिनं पुढे शिकायचं काढलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, ते मान्य. तुम्ही इतकंच म्हणालात, 'त्यापेक्षा माझ्या पुस्तकाच्या आकृत्या काढ, हात चांगला आहे तुझा.' पोटाच्या शस्त्रक्रियांचं तुमचं ते जाडजूड पुस्तक आजही विद्यार्थी वाचतात. त्यातली आतड्याची, यकृताची, पित्ताशयाची एकूण एक आकृती तिच्या हातची आहे. आम्ही झोपल्यावर नव्हे, आम्ही शाळेत असताना, दुपारी, स्वयंपाकघरातलं टेबल पुसून ती काढायची, आणि मी आले की पेन्सिलीची टोकं माझ्या रंगांच्या डबीत टाकायची. तुम्ही प्रस्तावनेत तुमच्या गुरूंचे आभार मानलेत, छापखान्याचे मानलेत, टंकलेखकाचेही मानलेत. आईला मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'अगं, घरच्यांचे आभार कोणी मानतं का?' तिला ते पटलेलं होतं की नाही, हे मला तिच्या तोंडाकडे बघून तेव्हा कळलं नाही. आज तुम्हाला कळतंय का बघा. एक डोळा पुरतो तेवढ्याला.

मला मात्र गुण कमी पडले नाहीत, आणि तेच तुम्हाला जास्त लागलं. हातात आलेली वैद्यकीयची जागा सोडून मी सूक्ष्मजीव घेतले, आणि सूक्ष्मजीवांतही बुरशी. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, 'लोक बुरशी आली की पाव फेकतात. तू पाव फेकून बुरशी ठेवणार.' मला आत कुठेतरी हसूही आलं होतं, बाबा. तुमचं बोलणं नेहमी असंच धारदार, कापल्यावर जरा वेळानं रक्त यायचं. नंतर तुम्ही मला 'बुरशीवाली' म्हणायला लागलात, पाहुण्यांसमोरही. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या माणसाशी मी लग्न ठरवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'म्हणजे आता भिंगवालाही आला.' लग्नाला तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी तुम्हाला एक ऑपरेशन करायचं होतं. ते पुढे ढकलता येण्यासारखं होतं, हे मला तुमच्याच भूलतज्ज्ञानं सांगितलं. ते बिचारे ऑपरेशन आटोपून संध्याकाळी आले होते.

त्यानंतर मी कुठे काम करते, काय करते, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आई विषय काढायची तर तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवायचात. तेव्हा आज मीच सांगते. आमची इमारत जुनी आहे. तिच्यात एकेका मजल्यावर एकेका जातीचे वेडे बसतात. खाली सांडपाण्यातले जंतू बघणारी एक बाई आहे. गावात कुठला आजार शिरलाय हे तिला दवाखान्यांच्या आधी कळतं. तिच्या वर फुलांचे परागकण ओळखणारा आहे, तो चपलेला लागलेल्या धुळीवरून माणूस कुठल्या वाटेनं आला ते सांगतो आणि पोलीस त्याला चहा पाजतात. आमच्या शेजारी डासवाला आहे. तो रोज पिंजऱ्यात स्वतःचा हात घालून डासांना जेवू घालतो आणि म्हणतो, 'माझ्यावर एवढं प्रेम कुणी केलं नाही.' एक मुलगी दिवसभर गणितंच करते, साथ कुठून कुठे जाईल याची. तिनं शाळा सोडल्यापासून जिवंत बेडूक पाहिलेला नाही. दुपारी आम्ही सगळे एका लांब टेबलाशी डबे उघडतो आणि एकमेकांच्या विषयाला नावं ठेवतो. पण कुणाचं अडलं की तो वरखाली जिने चढत हिंडतो, आणि कुणीतरी सांगतंच. तुमचा तो एकच जिना होता ना बाबा, वर जाणारा? आमच्याकडे माणसं खालीही उतरतात, विचारायला.

मी रोगी माणसांतली बुरशी बघते. फुप्फुसातली, नखातली, रक्तातली, डोळ्यातली.

आता डोळ्याकडे येते. कुंपण कापताना एक काटकी उडून तुमच्या उजव्या डोळ्याला लागली. तुम्ही पाण्यानं डोळा धुतलात आणि म्हणालात, ओरखडा आहे. तिथपर्यंत ठीक. डोळा लाल झाला तेव्हा तुम्ही स्वतःच जंतूंवरचे थेंब घातलेत. लाली जाईना तेव्हा कपाटातून स्टिरॉइडचे थेंब काढलेत. दोनतीन दिवस बरं वाटलं. वाटणारच, स्टिरॉइडनं लाली दबते, आणि आत जे असेल त्याला रान मोकळं मिळतं. मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. आई रोज म्हणत होती, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणालात, 'मी काय कंपाउंडर आहे?' तुम्ही गेलात तेव्हा ठिपका कवडीएवढा वाटत होता, असं आई म्हणते. आईला थोडं वाढवून सांगायची सवय आहे, पण भीती तिची खरी होती.

तो नेत्रतज्ज्ञ तुमच्या हाताखालून गेलेला. अजून तुमच्यासमोर बसत नाही, उभा राहतो. त्यानं बुबुळ खरवडून नमुना घेतला आणि आमच्या प्रयोगशाळेत पाठवला. दिसल्या त्या बुरशीच्या फांद्या, अगदी पहिल्याच काचेवर. त्याच दिवशी त्याला फोन गेला की बुरशी आहे, स्टिरॉइड ताबडतोब बंद, बुरशीवरचे थेंब दर तासाला. तीन दिवसांनी ती ताटलीत वाढली, कापसासारखी पांढरी, कडेला जांभळट झाक, आणि भिंगाखाली कोयत्यासारखे वाकडे बीजाणू. ही बुरशी आम्हाला नवी नाही. पिकांची खोडं आतून वाळवते ती हीच. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याबद्दल इतकं लिहून ठेवलंय की आम्ही माणसांतली बुरशी बघणारे अजून त्यांच्याकडून उसनं घेतो. खोडातून डोळ्यात यायला तिला कुठली प्रवेशपरीक्षा द्यावी लागली नाही.

तुम्ही रिपोर्ट वाचलात आणि हसलात. आईनं मला तुमचे शब्द सांगितले, त्या वेळी तिनं गाळलं नाही. 'ही प्रयोगशाळेतली धूळ आहे. कुठल्यातरी बी.एस्सी. झालेल्या पोरीनं ताटली उघडी ठेवली असणार.' नेत्रतज्ज्ञाला तुम्ही सांगितलंत की नमुना पुन्हा घे. आणि तोपर्यंत तुमचे तुम्ही ते जुने स्टिरॉइडचे थेंब चालूच ठेवलेत, त्याच्यापासून लपवून.

दुसऱ्यांदा नमुना घेतला तो दिवस आठवा. या खेपेला प्रयोगशाळेतून माणूस ताटल्या घेऊन थेट तुमच्या खुर्चीपाशी आलं होतं, म्हणजे वाटेत धूळ बसली असं कुणाला म्हणता येऊ नये. टोपी, मास्क, हातमोजे घातलेली एक बाई. डॉक्टरनं बधिर करायचे थेंब घातले, बुबुळावरून पातं फिरवलं आणि ते तिच्या हातातल्या ताटलीवर टेकवलं, चंद्रकोरीसारख्या रेघा ओढल्या. तिचा हात तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर होता. तुम्ही डाव्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'बाई, ताटली झाकून धरा. तुमच्याच श्वासातली बुरशी माझ्या डोळ्यात निघायची.' ती म्हणाली, 'हो, सर.' मग तुम्ही डॉक्टरला म्हणालात, 'या लॅबवाल्यांना डोकं कमी आणि हात जास्त.' तो कसनुसं हसला. कोपऱ्यात आई पर्स छातीशी धरून उभी होती आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती.

ती बाई मी होते, बाबा.

तुमच्या अंगाला अजून त्याच साबणाचा वास येतो. कानावरचे केस पांढरे झालेत, मानेची कातडी सैल पडली आहे. मी तुमच्या इतक्या जवळ लग्नाआधीही कित्येक वर्षं आले नव्हते. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत आणि माझा आवाज ऐकलात, आणि तुम्हाला काही वाटलं नाही. मास्क होता, टोपी होती, हे मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. डासवाल्यालाही तेच सांगितलं, दुपारी डबा न उघडता बसले होते तेव्हा. तो म्हणाला, 'माझे डाससुद्धा माझा हात ओळखतात गं.' मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो, आणि तो उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

आईला मीच बजावलं होतं की रिपोर्ट माझ्याकडून येतोय हे सांगू नकोस. मला वाटलं, बुरशीवालीनं सांगितलेलं औषध तुम्ही टाकून द्याल. नाव न कळताच टाकलंत. दुसऱ्या नमुन्यातही तीच बुरशी निघाली, तशीच, तेच कोयते. दोन वेळा, दोन तऱ्हेनं घेतलेल्या नमुन्यात एकच धूळ शिरत नाही, हे तुमच्या विद्यार्थ्यालाही कळतं. तुम्हालाही कळलं असणार. पण तोवर तुम्ही सगळ्यांदेखत हसून बसला होता, आणि हसलेलं मागे घेणं तुम्हाला कधी जमलेलं नाही. डॉक्टरनं हात जोडून तुमच्या हातात बुरशीवरचे थेंब दिले. तुम्ही घरी गेलात.

पुढचं आईनं मला फोनवर सांगितलं, रडत. 'अगं, त्यांनी बाटली उघडलीच नाही. खणात आहे. सील तसंच आहे.' मी म्हटलं, तू उघड, तू घाल. ती म्हणाली, 'मी जवळ गेले तर हात झटकला.' मी त्या दिवशी तुमच्या घरी यायला निघाले होते. अर्ध्या रस्त्यात आईचा पुन्हा फोन आला, की येऊ नकोस, ते आत्ताच म्हणालेत की त्या लॅबमधलं कुणी दारात दिसलं तर बघा. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. आले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तुम्ही दार लावलं असतं, असं मी धरून चालते. तसं धरलं की झोप लागते.

बुबुळाला भोक पडलं. संसर्ग आत उतरला आणि डोळा काढावा लागला. दादाला मी कळवलं. त्यानं विचारलं, 'कुठला?' मी म्हटलं, उजवा. तो म्हणाला, 'दुर्बिणीचं चाक फिरवताना ते मला म्हणायचे, उजव्या डोळ्याचं वेगळं जुळवून घे.' म्हणजे तुम्ही त्याला कधीतरी दुर्बीण धरायला शिकवली होती, बाबा. हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या पाठीमागून विमानांचा आवाज येत होता. तो येणार नाही. मी त्याला ये म्हटलं नाही.

एवढं सगळं तुम्हाला ऐकवण्याचं कारण आता सांगते. गेल्या आठवड्यात रुग्णालयाच्या कार्यालयातून माझ्या टेबलावर तुमची तक्रार आली, उत्तर देण्यासाठी. प्रयोगशाळेनं चुकीचे आणि उशिरा रिपोर्ट दिल्यामुळे तुमचा डोळा गेला, असं तुम्ही म्हणता. बुरशी विभाग बंद करावा, आणि 'वैद्यकीय शिक्षण नसलेल्या तिथल्या प्रमुख बाईंना' कामावरून दूर करावं, असं तुम्ही मागता. ती प्रमुख बाई मीच आहे. रिपोर्टखालची सही माझी आहे. सासरचं आडनाव तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून ओळखली नाहीत. सोमवारी चौकशी आहे. समितीतले तिघंही डॉक्टर आहेत आणि दोघं तुमचे विद्यार्थी आहेत. मी दोन्ही नमुन्यांच्या काचा घेऊन येणार आहे, आणि थेंबांचं मला विचारलं गेलं तर सांगणार आहे, स्टिरॉइडचं आणि न उघडलेल्या बाटलीचंही. नेत्रतज्ज्ञ घाबरलाय, पण तोही खरं बोलेन म्हणालाय. तक्रार मागे घ्या असं मी म्हणत नाही. मला ती चौकशी हवी आहे. खरं तर मी तुम्हाला हे काहीच कळवणार नव्हते. तुम्ही त्या खोलीत यावं, प्रमुख बाई कोण ते तुमच्या विद्यार्थ्यांसमोर तुम्हाला कळावं, आणि मी तुमचा चेहरा बघावा, असं मी मनात रंगवलं होतं. फार गोड वाटलं ते, दोन दिवस. नंतर लक्षात आलं की तसं करायला जी तयारी लागते, ती माझ्यात तुमच्याकडूनच आली आहे; आणि मला ती नको आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते. माझी खुर्ची मी तुमच्या डाव्या हाताला मांडून घेतली आहे. मान न वळवता दिसेन.

तुमचीच,
धाकटी